तोंडची मराठी, कागदावरची मराठी

चौथ्या मजल्यावर राहणारा माणूस सोसायटीच्या सेक्रेटरींना जिन्यात गाठतो आणि म्हणतो, "अहो साहेब, सोमवारपासून आमच्याकडे पाणी चढतच नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत येतं, वर नाही. जरा पंप बघायला सांगा ना." सेक्रेटरी म्हणतात, "लेखी द्या." तोच माणूस संध्याकाळी कागद घेऊन बसतो आणि लिहितो: "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, मागील काही दिवसांपासून इमारतीतील पाणीपुरवठ्यामध्ये अडचणी निर्माण होत असून त्याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी."

पाणी कधीपासून येत नाही, कुठपर्यंत येतं आणि नेमकं काय करायला हवं, हे सगळं जिन्यातल्या बोलण्यात होतं. अर्जात यातलं काहीच उरलेलं नाही. ज्या माणसाने पंप बघायचा आहे त्याला हा अर्ज वाचून पुन्हा चौथा मजला गाठून विचारावं लागेल, "काय झालंय?"

लिहिणं-बोलणं सुधारायचं ठरवलं की माणसं आधी शब्दसंग्रह वाढवायला निघतात. जड शब्दांची वही करतात, सुविचार पाठ करतात, भाषणाच्या सुरुवातीला म्हणायच्या ओळी शोधतात. मला वाटतं, खरी अडचण वेगळीच आहे. बहुतेक मराठी माणसांच्या तोंडात चांगली, नेमकी, जिवंत वाक्यं आधीपासून असतात. लिहायला बसलं की ती आपण बाजूला ठेवतो आणि कुठूनतरी उसनी मराठी आणतो. बोलायला उभं राहिलं की उलटं होतं. लिहिणाऱ्याला मिळते ती विचार करण्याची सवड आपण घेतच नाही. दोन्हीकडचं औषध पलीकडच्या बाजूला असतं, आणि ते कसं लागू पडतं ते मराठीच्या घडणीतूनच समजून घेता येतं.

आधी कागदाकडे पाहू. 'करण्यात यावी', 'कळविण्यात येते', 'घेण्यात आला' या रचनांमध्ये काम करणारा माणूस गायब होतो. मराठीचा मूळ स्वभाव असा नाही. आपल्या कर्मणी प्रयोगातही कर्ता ठळक असतो: 'सरांनी वर्ग घेतला', 'आईने डबा भरला'. कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागतो, क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, पण काम कुणी केलं ते स्पष्ट राहतं. कर्ता झाकणारी शैली कार्यालयातून आली, आणि तिथे तिला अर्थही आहे. सरकारी आदेश व्यक्तीचा नसतो, पदाचा असतो. अधिकारी बदलतो, कार्यालय राहतं. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला, इंग्रजीत चालणारा कारभार मराठीत आणायचं मोठं काम भाषा संचालनालयाकडे होतं, आणि त्या कामातून एक ठरीव कार्यालयीन मराठी घडली. आदेशासाठी ती चालेल. पण पाणी न आलेल्या माणसाने, रजा मागणाऱ्या शिक्षिकेने, वीजबिलाची तक्रार करणाऱ्या दुकानदाराने ती अंगावर घेण्याचं काही कारण नाही. तक्रार करणारा माणूस खरा आहे, त्याला नाव आहे, आणि ज्याने काम करायचं तोही कुणीतरी खरा माणूस आहे.

तोच अर्ज असा लिहिता येईल: "चौथ्या मजल्यावरच्या चारही घरांत सोमवारपासून पाणी येत नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत येते. पंपाचा दाब कमी झाला असावा. कृपया उद्या पंप तपासून घ्यावा आणि तोपर्यंत आमच्यासाठी टँकर मागवावा." यात एकही बोली शब्द नाही, कुठे अदब कमी झालेली नाही. 'घ्यावा', 'मागवावा' हे विध्यर्थ आहेत, आणि मराठीत विध्यर्थात नम्रता मुळातच असते. 'विनंतीपूर्वक' या शब्दाने तिच्यात भर पडत नाही.

आता 'असून'कडे वळू. लिखित मराठीत सर्वांत जास्त गोंधळ हा एक शब्द घालतो, असं माझं ठाम मत आहे. 'रस्ता खोदलेला असून काम बंद आहे', 'पाऊस सुरू असून शाळेला सुट्टी दिली आहे', 'ते लेखक असून पुण्यात राहतात'. पहिल्या वाक्यात दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत की तक्रार आहे? दुसऱ्यात पाऊस हे कारण आहे. तिसऱ्यात लेखक असण्याचा आणि पुण्यात राहण्याचा काही संबंध नाही. तिन्ही नाती 'असून'ने एकाच शब्दात दडपली. बोलताना आपण असं कधी करत नाही. आपण म्हणतो, 'रस्ता खोदून ठेवलाय आणि काम बंद', 'पाऊस पडतोय म्हणून शाळा नाही'. लिहून झाल्यावर प्रत्येक 'असून' शोधावा आणि त्याच्या जागी 'आणि', 'म्हणून', 'तरी', 'पण' यांतलं काय बसतं ते पाहावं. काहीच बसत नसेल तर तिथे पूर्णविराम द्यावा.

'असून'मधल्या 'ऊन' या प्रत्ययाचा एक नियम आपण कुणी न शिकवता पाळतो. 'बाजारात जाऊन भाजी घेऊन ये' या वाक्यात जाणारा, घेणारा आणि येणारा एकच आहे. काही ठरीव प्रयोग सोडले तर 'ऊन' लावलेल्या क्रियेचा कर्ता आणि मुख्य क्रियेचा कर्ता एकच लागतो. 'मी घरी येऊन पाऊस सुरू झाला' हे कानाला लगेच खटकतं. तिथे 'मी घरी आल्यावर' हवं, कारण 'ल्यावर'ला दोन वेगळे कर्ते चालतात. लांबलचक लेखी वाक्यात मात्र हा कान बधिर होतो आणि 'समितीने पाहणी करून अहवाल सादर होऊन निधी मंजूर होईल' अशी वाक्यं छापलीही जातात.

लांब वाक्य मराठीत जास्त महाग का पडतं, याला एक कारण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. वाक्यात कोण, कुठे, केव्हा, कुणाला, कशासाठी हे सगळं आधी येऊन बसतं आणि त्याचं काय झालं हे शेवटच्या शब्दाला कळतं. तोपर्यंत वाचणाऱ्याला सगळं मनात धरून ठेवावं लागतं. मनाची ही पकड लहान आहे. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली लिहिलेल्या गाजलेल्या लेखात ती साधारण ७ गोष्टींची मानली होती, पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ साली ती ४ च्या आसपास आणली. त्यामुळे दोन-तीन उपवाक्यं झाल्यावर वाचक सुरुवातीकडे परत जातो, किंवा जातच नाही आणि कागद बाजूला ठेवतो. मराठी वाक्य आखूड ठेवायला सांगतात त्यामागे क्रियापदाची ही जागा आहे.

बोलणाऱ्याकडे आवाज असतो, लिहिणाऱ्याकडे नसतो. 'मी काल पैसे दिले' हे एकच वाक्य आपण 'मी'वर जोर देऊन, 'काल'वर जोर देऊन किंवा 'पैसे'वर जोर देऊन तीन अर्थांनी बोलतो. कागदावर तो जोर पोचत नाही. पण मराठीने त्याची सोय केलेली आहे. 'मीच काल पैसे दिले', 'मी पैसे कालच दिले', 'मी काल पैसेच दिले'. एका 'च'ने काम भागतं. व्याकरणात 'च', 'ही', 'सुद्धा', 'मात्र', 'तर' यांना शब्दयोगी अव्ययांत जागा दिली आहे. 'तुम्ही आलात' आणि 'तुम्ही तर आलात' यांत केवढा तरी संवाद बदलतो! शिवाय विभक्तीप्रत्ययांमुळे आपल्याला शब्द हलवता येतात, आणि ज्या शब्दावर लक्ष वेधायचं तो क्रियापदाच्या जवळ ठेवला की बराचसा जोर आपोआप येतो. 'उद्या सभा हॉलमध्ये आहे' यात सभेची जागा महत्त्वाची. 'हॉलमधली सभा उद्या आहे' यात दिवस महत्त्वाचा. फोनवर पाठवलेल्या निरोपांतून होणारे निम्मे गैरसमज या जोराच्या हरवण्यातून होत असावेत. उत्तर पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचलं तर ते सापडतात, कारण वाचताना आपण जोर कुठे देतो आणि कागदावर तो कुठे आहे, यातला फरक कानाला कळतो.

तोंडच्या मराठीत लिहिणं म्हणजे उथळ लिहिणं, हा समज मला मान्य नाही. आपल्या गद्याची सुरुवातच तिथून झाली आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणाऱ्यांकडून ऐकून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' घडलं. त्यातली वाक्यं आखूड आहेत, माणसं बोलतात, प्रश्न विचारतात, उत्तरं देतात. चक्रधरांचा एवढा मोठा तत्त्वविचार अशा वाक्यांतून नेता आला. विसाव्या शतकात लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकल्या. पण त्यांच्या पानांवर घरातली माणसं जशी बोलली तशी ऐकू येतात. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि इतरांनी टिपून ठेवल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या.

इथे बोलीचा प्रश्न येतोच. वऱ्हाडीत, मालवणीत किंवा अहिराणीत बोलणाऱ्या घरातलं मूल शाळेत निबंध लिहिताना अडखळतं, आणि त्याला सांगितलं जातं की तुझी भाषा अशुद्ध आहे. मग ते हळूहळू लिहिण्यापासूनच दूर जातं. अर्ज, बातमी, परीक्षेचा पेपर यांसाठी प्रमाण मराठी लागते, कारण नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत सगळ्यांना ती एकसारखी वाचता यायला हवी. पण विचार पहिल्यांदा कागदावर उतरवताना तिची गरज नसते. पहिला खर्डा घरच्या भाषेत लिहू द्यावा, प्रमाण रूप दुसऱ्या खेपेला करावं. असं केलं तर मुलांना लिहिणं सोपं जाईल, कारण काय म्हणायचं आणि कसं लिहायचं ही दोन ओझी एकदम उचलावी लागत नाहीत.

शुद्धलेखनाचं भय मात्र विनाकारण वाढवून ठेवलेलं आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. एकूण १८. रोजच्या चुका त्यांतल्या दोन-तीनांतच अडकलेल्या असतात, आणि मराठीत मुरलेले शब्द कसे लिहायचे ते बरंचसं कानच सांगतो. 'गरीब' म्हणताना 'री' लांब होते, 'गरिबाला' म्हणताना ती आखडते. 'फूल', पण 'फुलाला'. 'बहीण', पण 'बहिणीला'. 'वकील', पण 'वकिलाने'. शब्दाचं शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार ऱ्हस्व: 'किडा', 'पाहुणा', 'विळी'. आणि शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ: 'पाटी', 'लाडू', 'गुरू', 'कवी'. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ही घडी मोडतात: 'परीक्षा', 'पूजा', 'मंदिर', 'गुण'. तेवढे डोळ्याने लक्षात ठेवावे लागतात, आणि वाचन असेल तर राहतात.

अनुस्वाराकडे मात्र दुर्लक्ष करू नये. फोनवर लिहिताना तो सर्रास गळतो आणि अर्थ बदलतो. 'शिक्षकाचा पगार थकला' म्हणजे एकाचा, 'शिक्षकांचा पगार थकला' म्हणजे अनेकांचा. 'मुख्याध्यापकाने सांगितले' आणि 'मुख्याध्यापकांनी सांगितले' यांत तर आदराचा फरक आहे.

आता बोलण्याकडे येऊ. संभाषणात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? जगातल्या १० भाषांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न आणि उत्तर यांमधली सरासरी फट सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग निघाली. पण एखादी वस्तू पाहून तिचं नाव तोंडावर यायलाच मेंदूला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर जुळवायला लागलेलो असतो. ऐकणं अर्ध्यात सुटतं ते असं. घरातल्या बऱ्याच वादांत दोघेही समोरच्याच्या पहिल्या अर्ध्या वाक्याला उत्तर देत असतात. यावर जुना उपाय हुंकाराचा आहे. आजी गोष्ट सांगायची तेव्हा ऐकणाऱ्याने 'हं', 'बरं', 'मग?' असं म्हणत राहायचं, नाहीतर गोष्ट थांबायची. हुंकार देणारा माणूस उत्तर जुळवत बसत नाही. ऑफिसातल्या बैठकीतही उत्तर देण्याआधी 'म्हणजे तुमचं म्हणणं असं, की तारीख पुढे ढकलावी, बरोबर?' एवढं विचारलं तर दोन सेकंद मिळतात, आणि चूक ऐकलं असेल तर ते तिथेच उघड होतं.

चारचौघांत बोलायचं असेल तर गाडगेबाबांची पद्धत आठवावी. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेल्या या माणसाने वऱ्हाडी बोलीत, हातातल्या खापरासह, हजारो लोकांपुढे कीर्तनं केली. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वनिरूपण आणि उत्तररंगात आख्यान अशी घडी असते. बाबांनी ती बाजूला ठेवली आणि लोकांना प्रश्न विचारले. प्रश्न लहान असायचा, उत्तर सगळ्यांना माहीत असायचं, लोक एका आवाजात ते द्यायचे, आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न उभा राहायचा. विचार एकेक पायरी चढत जायचा आणि प्रत्येक पायरी ऐकणाऱ्याने स्वतः चढलेली असायची. निवृत्तीच्या निरोपसमारंभात किंवा पालकसभेत तीन मिनिटं बोलायचं असेल तर एकच मुद्दा आणि त्याला धरून एकच प्रसंग पुरतो. मुद्दा आधी कागदावर एका वाक्यात लिहावा. एका वाक्यात मावत नसेल तर तो अजून आपल्यालाच कळलेला नाही.

'म्हणजे', 'अं', 'काय म्हणतात त्याला' हे शब्द मध्ये येतात म्हणून माणसं फार लाजतात. त्यांची एवढी चिंता करू नये. असे उद्गार ऐकणाऱ्याला 'थांबा, पुढचं येतंय' एवढं कळवतात, असं हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ साली इंग्रजीवरच्या अभ्यासात दाखवलं. प्रत्येक वाक्य 'म्हणजे'नेच सुरू होऊ लागलं तर मात्र तिथे गप्प राहायला शिकावं.

मराठी बोलणाऱ्याची सर्वांत मोठी चूक वाक्याच्या शेवटी होते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. आपलं क्रियापद शेवटी, आणि नकारही शेवटी. 'उद्या सकाळी नळाला पाणी येणार नाही.' दमलेल्या, घाबरलेल्या किंवा घाईतल्या माणसाचा आवाज वाक्य संपता संपता खाली जातो आणि नेमका 'नाही' गिळला जातो. मागच्या रांगेला 'पाणी येणार' एवढंच ऐकू येतं. म्हणून बोलताना श्वास वाक्याच्या शेवटासाठी राखून ठेवावा. फोनवर आपलं दोन मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकावं आणि शेवटचे शब्द ऐकू येतात का, एवढंच पाहावं. आवाज विचित्र वाटेल. आपला आवाज आपण रोज कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, त्यामुळे तो आपल्याला भारदस्त वाटतो. यंत्रातून फक्त हवेतून आलेला आवाज परत मिळतो. इतरांना तुम्ही नेहमी तसेच ऐकू येता, तेव्हा आवाजाकडे लक्ष न देता क्रियापदाकडे द्यावं.

सरावाची जी रीत मला सगळ्यांत जास्त पटते ती एका मुद्रकाची आहे. बेंजामिन फ्रँकलिन बॉस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता. मित्राशी त्याचा पत्रांतून वाद चाले. ती पत्रं वडिलांच्या हाती पडली. छापखान्यामुळे मुलाचं शुद्धलेखन आणि विरामचिन्हं मित्रापेक्षा चांगली होती, पण मांडणीत आणि स्पष्टपणात तो मागे पडतो, हे वडिलांनी दाखवून दिलं. फ्रँकलिनने 'स्पेक्टेटर' या इंग्रजी नियतकालिकाचा एक खंड मिळवला. त्यातला लेख वाचायचा, प्रत्येक वाक्याच्या आशयाची त्रोटक टिपणं करायची, काही दिवस बाजूला ठेवायची, मग पुस्तक न पाहता स्वतःच्या शब्दांत लेख पुन्हा लिहायचा आणि मूळ लेखाशी ताडून पाहायचा. कधी तो टिपणं मुद्दाम विस्कटून टाकी आणि काही आठवड्यांनी पुन्हा क्रम लावी. विचारांची रचना तो त्यातून शिकला.

मराठीत हा सराव 'स्मृतिचित्रे'च्या कुठल्याही दोन पानांवर करता येतो. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' किंवा दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'ही चालेल. पण सुरुवातीला लक्ष्मीबाईच बऱ्या, कारण त्यांच्या पानात लपायला जागा नसते. एक प्रसंग वाचावा. आठ-दहा शब्दांत टिपणं करावीत. चार दिवसांनी प्रसंग आधी कुणालातरी तोंडाने सांगावा, मग लिहावा, मग पुस्तक उघडावं. पहिल्या खेपेला बहुतेकांना एकच गोष्ट दिसते. लक्ष्मीबाईंनी जिथे 'रडली', 'पळाली', 'भांडली' असं लिहिलं असतं तिथे आपण 'दुःख झाले', 'पलायन केले', 'वाद निर्माण झाला' असं लिहिलेलं असतं. तोंडाने सांगताना मात्र आपणही 'रडली'च म्हटलेलं असतं. ही क्रियापदं एकेक करून कागदावर परत आणावी लागतात, आणि ती परत आली की अर्जही आपोआप लहान होऊ लागतात.